शहर पसरतं तेव्हा रस्ते एकमेकांना मिळायचे का थांबतात? मोजणी, कारणं, डागडुजी

तिठा (धागालेखक)

कोंडीचा विषय निघाला की गाडी उड्डाणपूल, मेट्रो आणि रुंदीकरण या तीनच थांब्यांवर थांबते. या धाग्यात ती तिन्ही बाजूला ठेवू. इथे एवढंच बघायचं: एक रस्ता दुसऱ्याला मिळतो का, आणि गावाचं शहर होताना हे मिळणं का आटत जातं. उदाहरण पुण्याचं घेतो. नाशिक, संभाजीनगर, कोल्हापूरवाल्यांनी आपापलं जोडावं.

पुण्याचा नकाशा आतून बाहेर वाचत जा. पेठांत रस्ते अरुंद, पण बोळाबोळांतून कुठूनही कुठेही निघता येतं. कोरेगाव पार्कात नॉर्थ मेन रोड आणि साउथ मेन रोड, मध्ये क्रमांकाच्या गल्ल्या, म्हणजे चक्क शिडी. आता १९९७, २०१७ आणि २०२१ साली हद्दीत आलेल्या गावांवर या. एक मुख्य रस्ता, बहुतेकदा जुना गावरस्ता. त्याला लोंबणारी एकेका प्रकल्पाची शेपटी, शेपटीच्या टोकाला भिंत. पहिला नकाशा जाळीचा, दुसरा झाडाचा. झाडात एका पानावरून शेजारच्या फांदीवरच्या पानावर जायचं तर खोडापर्यंत उतरावंच लागतं. ते खोड म्हणजे तुमचा रोजचा तुंबलेला चौक.

"जोडणी कमी आहे" असं नुसतं म्हणून भागत नाही, मोजावी लागते. मला उपयोगी वाटणारी चार मापं:

१) चौक-घनता. दर चौरस किलोमीटरला तीन किंवा जास्त रस्ते मिळतात असे सांधे किती. दर १०० मीटरला रस्ता असेल तर साधारण १००, २०० मीटरला २५, ४०० मीटरला जेमतेम ६.

२) बंद टोकांचं प्रमाण. एकूण सांध्यांपैकी किती ठिकाणी रस्ता संपतो.

३) तुकडे भागिले सांधे. दोन सांध्यांमधला रस्ता हा एक तुकडा. नऊ ब्लॉकची तीन बाय तीन जाळी काढा: कोपरे धरून १६ सांधे, २४ तुकडे, भागाकार १.५. झाडात तुकडे नेहमी सांध्यांपेक्षा एकाने कमी, म्हणून भागाकार एकच्या आत. अमेरिकेतल्या कित्येक गावांच्या नियमांत किमान १.४ मागतात. याच आकड्यांतून वेढे (रस्त्यांनी चहूबाजूंनी बंद झालेले ब्लॉक) किती तेही निघतं: तुकडे वजा सांधे अधिक एक. २४ − १६ + १ = ९, म्हणजे नऊ ब्लॉक. झाडात शून्य.

४) वळसा. चालत जायचं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर. चौकोनी जाळीत हे फार तर १.४१ होतं. शाळा सरळ ३०० मीटरवर आणि रस्त्याने १,२०० मीटर असेल तर वळसा ४. ते मूल चालत जाणार नाही, दुचाकीच्या मागे बसून जाणार.

चारही मापं एकत्र बघा, एकट्या मापावर भरवसा ठेवू नका. चंडीगडचं सेक्टर ८०० बाय १,२०० मीटर. नुसते सेक्टरभोवतीचे रस्ते मोजले तर चौरस किलोमीटरला जेमतेम एकच चौक हाती लागतो. आतले रस्ते आणि पायवाटा धरल्या की चित्र बदलतं.

---

पाऊणएकर

धागा आवडला. पण "का" हा प्रश्न नकाशात सुटत नाही, तो सातबाऱ्यावर सुटतो.

शेत लांबट पट्टीचं असतं. ४० मीटर रुंद, २०० मीटर खोल धरा. म्हणजे ८,००० चौरस मीटर, साधारण ७९ गुंठे. पुढे रस्ता, मागे ओढा किंवा दुसऱ्याचं रान. मालक प्लॉट पाडतो: मधोमध ६ मीटरची गल्ली, दोन्ही हातांना १७ मीटर खोलीचे प्लॉट. गल्ली मागच्या बांधाला जाऊन थांबते. शेजारचाही हेच करतो. त्याच्या शेजारचाही. अशा पाच गल्ल्या शेजारी शेजारी, एकीतून दुसरीत जायची सोय नाही.

आता मागच्या टोकाला आडवी गल्ली काढायची म्हटली तर? ६ गुणिले ३४, म्हणजे २०४ चौरस मीटर. प्रत्येकाचे दोन गुंठे. ७९ मधले दोन, अडीच टक्के. फार नाही, पण शेजाऱ्याने दोन गुंठे सोडले नाहीत तर माझ्या दोन गुंठ्यांचा मला पैचा फायदा नाही, उलट माझ्या हद्दीत परका रस्ता येऊन थांबणार. म्हणून पहिला कोणीच सोडत नाही. मालकांना दोष देण्यात अर्थ नाही, हिशेबच तसा आहे. पाचांना एकत्र बसवणारं कुणी नसेल तर आडवी गल्ली होत नाही.

वळसा काढून बघा. दोन शेजारच्या गल्ल्यांची मागची टोकं एकमेकांपासून ४० मीटर. रस्त्याने २०० खाली, ४० आडवं, २०० वर, म्हणजे ४४०. अकरा पट.

गुंठेवारी याच हिशेबातून जन्मली. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. छोटे तुकडे विकायला बंदी, म्हणून विक्री नोटरीवर आणि मंजूर रेखांकनाशिवाय. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि २०२१ ची मुदतवाढ (३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटसाठी) यांनी प्लॉट नियमित झाले, म्हणजे कागद सरळ झाला. गल्ली होती तिथेच बंद राहिली.

अवांतर: जुन्या गावरस्त्यांच्या रुंदीत अजून साखळी दिसते. साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. गाव नकाशातली एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट, पाव साखळी. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा फुटांपासून पुढे, अर्धी साखळी. दोन बैलगाड्या कशाबशा एकमेकींना ओलांडतील असा तो गाडीमार्ग आज चार-चारशे सदनिकांच्या संकुलांचा एकमेव रस्ता आहे.

---

सिग्नलमागे

पाऊणएकर, तुमच्या पाच गल्ल्यांना धागालेखकांचं माप लावतो.

मुख्य रस्त्यावर ५ तिठे, मागे ५ बंद टोकं: १० सांधे. ५ गल्ल्या आणि तिठ्यांमधले ४ तुकडे: ९. भागाकार ०.९, वेढे शून्य. मागे आडवी गल्ली काढली की आणखी ४ तुकडे, प्रत्येकी ४० मीटर. १३ भागिले १०, म्हणजे १.३. बंद टोकं शून्य, वेढे चार. हजार मीटर गल्ल्या आधीच पाडलेल्या आहेत, त्यात फक्त १६० मीटरची भर.

---

नकाशेवाला

सिग्नलमागे, एक दुरुस्ती. आडवी गल्ली झाल्यावर दोन टोकांच्या गल्ल्यांचे मागचे कोपरे नुसती वळणं उरतात, तिथे दोनच रस्ते मिळतात. वळण हा सांधा नव्हे. ते काढले की ८ सांधे, ११ तुकडे, भागाकार १.३७५. वेढे तरीही चारच. संगणकावर मोजणारे याच पद्धतीने मोजतात, म्हणून हाताचा आणि मशीनचा आकडा जुळत नाही असं वाटतं.

मशीनवर करायचं असेल तर ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा आणि पायथनमधलं ओएसएमएनएक्स हे रस्त्यांचं जाळं मोजायचं साधन पुरेसं आहे. क्रम असा:

हद्द घ्या. प्रभागाची हद्द सोयीची, पण नदी किंवा टेकडी अर्धी आत येत असेल तर स्वतः बहुभुज आखा. जाळं दोनदा उतरवा, एकदा वाहनांचं, एकदा पायी चालण्याचं. मग नकाशाचं प्रक्षेपण बदला, म्हणजे अंशांऐवजी मीटरवर या. अंशांत अंतर काढलं तर सगळं चुकतं. यूटीएम या मीटरच्या पद्धतीत पुणे-मुंबईला विभाग ४३ उत्तर, कोड ३२६४३. नागपूर ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, तिथे विभाग ४४. विदर्भाचा आकडा बिघडतो तो इथेच. नंतर चौक एकवटा: दुभाजक असलेले दोन रस्ते एकमेकांना छेदतात तिथे कागदावर एक चौक, डेटात चार सांधे. १० ते १५ मीटरच्या आतले सांधे एक धरा. १५ च्या वर गेलात तर पेठांतले खरे बोळ गिळले जातात, म्हणून जुन्या भागाला १०, नव्याला १५ असं वेगळं ठेवा आणि तसं लिहून ठेवा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये द्या, नाहीतर घनता मिळतच नाही.

चुका कुठे होतात ते जास्त महत्त्वाचं:

सोसायटीचे आतले रस्ते. नकाशा काढणाऱ्याने "खासगी" अशी खूण केली असेल तर ते गाळले जातात. आपल्याकडे बहुतेकांना खूण नसते, म्हणून सहा फाटकं लागलेला भाग कागदावर छान जोडलेला दिसतो. फाटकाचा बिंदू नकाशात असला तरी हे साधन त्याची दखल घेत नाही. हिंडून खात्री करणं किंवा निदान फाटकं वेगळी उतरवून तिथे रस्ता तोडणं, याला पर्याय नाही.

उलटा प्रकार वस्त्यांत. दाट वस्तीतले हातभर बोळ नकाशात नसतातच. भाग तुटलेला दिसतो आणि प्रत्यक्षात तिथे चालायला सर्वांत सोपं असतं.

हद्दीवरची खोटी बंद टोकं. हद्दीला रस्ता कापला की तो संपलेला दिसतो. ओएसएमएनएक्स आपणहून ५०० मीटरचा पट्टा जास्त घेऊन मग कापतं, त्यामुळे तिथे ठीक. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने करणाऱ्यांनी हे स्वतः करावं.

उड्डाणपूल. वरचा आणि खालचा रस्ता नकाशात एकमेकांना ओलांडतात, मिळत नाहीत. चुकून सांधा पडला असेल तर काढा.

---

चावीवाला

रस्त्यांच्या चर्चेत पाण्याचं बोलतो, पण पाइप रस्त्याखालूनच जातो.

बंद गल्लीतली जलवाहिनीही बंद टोकाची. पाणी एकाच बाजूने येतं. गल्लीच्या तोंडाशी पहिल्या दहा घरांनी मोटार लावली की शेवटच्या घराला थेंब नाही. टोकाला पाणी साचून राहतं, क्लोरीन उडतं, गाळ बसतो. म्हणून टोकाला वॉशआउट (पाणी बाहेर सोडायची झडप) बसवून ठरावीक दिवसांनी पाणी सोडून द्यावं लागतं. बहुतेक ठिकाणी तो बसवलेला नसतो, किंवा डांबराखाली गाडला गेलेला असतो. मागच्या आडव्या गल्लीतून दोन पाइप जोडले की पाणी दोन्हीकडून येतं, एकीकडे दुरुस्ती निघाली तरी एकच तुकडा बंद करावा लागतो. ड्रेनेजचं उलटं. उतार मागच्या ओढ्याकडे, वाहिनी पुढच्या रस्त्यावर. आडवी गल्ली असती तर ओढ्याकाठाने वाहिनी नेता आली असती. ती नाही म्हणून चेंबर थेट ओढ्यात.

घंटागाडीही तशीच. बंद गल्लीत रिव्हर्स घेत बाहेर यावं लागतं, प्रत्येक मीटर दोनदा.

---

शांतगल्ली

सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून विरोधी पक्ष मांडतो. बंद गल्लीत मुलं खेळतात, भरधाव गाड्या येत नाहीत, चोरीला आळा बसतो. लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. चौक वाढवले की अपघातही वाढतील. आडवा रस्ता निघाला की गूगल मॅप्स सगळ्यांना त्यातूनच पाठवणार. उद्या तुमच्या दारातून टँकर जाऊ लागला तर चालेल का?

---

तिठा

रास्त मुद्दे आहेत. अपघाताचा आधी. दुहेरी वाहतुकीच्या साध्या चार तोंडांच्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना भिडायच्या ३२ जागा असतात, तिठ्यात ९. म्हणजे एक चौक फोडून थोड्या अंतरावर दोन तिठे केले तर १८. जोडणीसाठी चारतोंडी चौकच लागतात असं कुणी म्हटलेलं नाही. पेठांत बघा, बहुतेक बोळ तिठ्यानेच मिळतात.

टँकरचा मुद्दा: वाहन अडवणं आणि माणूस अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद गल्लीची मूळ कल्पना ज्या रॅडबर्नमध्ये (न्यू जर्सी, १९२९) नीट उतरली, तिथे घराच्या एका बाजूला मोटारींची बंद गल्ली आणि दुसऱ्या बाजूला हिरवळीतून सलग पायवाट होती. गाडी अडते, माणूस अडत नाही. पुढे अमेरिकेत सरकारी गृहकर्जहमी देणाऱ्या खात्याने १९३० च्या दशकापासून जाळीऐवजी वळणदार आणि बंद रस्त्यांची शिफारस केली. नकला झाल्या त्यात गल्ली घेतली आणि पायवाट गाळली, कारण पायवाटेची जमीन विकता येत नाही. आपल्याकडे आली ती ही नक्कल, वर तारेचं कुंपण.

बार्सिलोनात उलट दिशेने गेले. तिथली १८५९ ची एक्साम्पल जाळी ११३ मीटरच्या ब्लॉकची, २० मीटरचे रस्ते, म्हणजे चौरस किलोमीटरला ५६ च्या आसपास चौक. २०१६ पासून त्यातले नऊ-नऊ ब्लॉक, साधारण ४०० बाय ४०० मीटर, एकत्र धरून आतून जाणारी वाहतूक वळवली. पायी आणि सायकलवाल्यांना सगळं उघडं. जाळी असली की असं कधीही करता येतं, नको वाटलं तर मागेही घेता येतं. झाडाची जाळी करायला मात्र भिंती पाडाव्या लागतात.

---

सिग्नलमागे

शांतगल्ली यांनी एक बाजू मांडली, मी दुसरा गैरसमज काढतो: "रस्त्यांना एवढी जमीन आणणार कुठून?"

१०० मीटर अंतरावर ९ मीटरचे रस्ते घ्या. रस्त्यांखाली जाणारी जमीन १७.२ टक्के. (१०० पैकी ९१ उरले, ०.९१ चा वर्ग ०.८२८.) आता ४०० मीटर अंतरावर ३६ मीटरचे रस्ते घ्या. ४०० पैकी ३६४, पुन्हा ०.९१. जमीन तेवढीच, १७.२ टक्के.

पहिल्यात चौरस किलोमीटरला १०० चौक, दुसऱ्यात सहा. पहिल्यात ९ मीटरचा रस्ता लेकरू हात धरून ओलांडतं. दुसऱ्यात ३६ मीटर ओलांडायला सिग्नल लागतो, आणि सगळी वळणं त्या सहाच ठिकाणी होत असल्याने सिग्नलला चार फेऱ्या. उजवीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळी फेरी दिली की सरळ जाणाऱ्यांचा हिरवा वेळ कापला जातो. मग मागणी येते रुंदीकरणाची. ४८ मीटर केला तर जमीन २२.६ टक्क्यांवर जाते, चौक मात्र सहाच.

विकास आराखडा या दुसऱ्या पद्धतीने विचार करतो. १२, १८, २४, ३० मीटरच्या रेघा आखल्या जातात, त्यांच्यामधली अंतरं मोठी. मधले ९ मीटरचे रस्ते ज्याच्या-त्याच्या रेखांकनावर सोडलेले. पाऊणएकर यांनी सांगितलेला दोन गुंठ्यांचा हिशेब तिथे आडवा येतो.

---

बांधावरून

परदेशातल्या अभ्यासाची भर. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि अॅडम मिलर्ड-बॉल यांनी रस्त्यांची तुटलेपणाची मोजणी आधी अमेरिकेची (२०१५) आणि मग जगाची (२०२०) केली. अमेरिकेत नव्या रस्त्यांचं तुटलेपण १९९० च्या दशकाच्या मध्याला शिखरावर होतं, नंतर उतरलं. जगात मात्र १९७५ नंतरची नवी बांधणी एकंदरीत जास्त तुटक होत गेली. आग्नेय आशियात ती तुटली फाटकबंद वसाहतींनी, पण बोलिव्हिया, पेरू, अर्जेंटिनात अजून जाळी टिकून. श्रीमंतीचा संबंध नाही, बघा. जाळी आखून द्यायची पद्धत ज्या देशाने सोडली नाही तिथे ती टिकली.

व्हर्जिनिया राज्याने २००९ साली गंमतशीर दांडा हातात घेतला: वसाहतीचे रस्ते शेजाऱ्यांशी जोडलेले असतील तरच देखभालीला सरकार घेणार. पुढे नियम सैल झाला. पण इथेही बिल्डर अंतर्गत रस्ता पालिकेच्या गळ्यात घालतोच ना. घेताना "दुसरं टोक कुठे उघडतं?" एवढं विचारलं तरी पुष्कळ.

---

पाऊणएकर

आपल्याकडे पद्धत नव्हती असं नाही. मुंबई नगररचना कायदा १९१५ चा, देशातला पहिला. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्याही आधीच्या विचारातून आल्या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, त्याने मोकळ्या जमिनीवर आधी रस्ते आखले, घरं मागून आली.

टीपी स्कीमचं, म्हणजे नगररचना योजनेचं तंत्र थोडक्यात: सगळ्या मालकांची जमीन कागदावर एकत्र करायची, रस्ते-बागा आखायच्या, उरलेलं नव्या चौकोनी आकारात त्याच मालकांना परत. प्रत्येकाचा हिस्सा लहान होतो, पण प्रत्येकाला रस्ता मिळतो. वर मांडलेला दोन गुंठ्यांचा तिढा इथे सुटतो, कारण सगळे एकाच दिवशी सोडतात. गुजरातच्या कायद्यात रस्त्यांना १५, बागांना ५, शाळा-दवाखान्यांना ५ आणि विक्रीला १५ टक्के अशी मांडणी आहे, विक्रीच्या भूखंडांतून खर्च निघतो. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंगरोड याच मार्गाने झाला, बरीचशी जमीन संपादन न करता.

पुण्यातही ओळखायची खूण सोपी आहे: पत्ता वाचा. "एफ. पी. नं." म्हणजे फायनल प्लॉट, टीपी स्कीमचा भाग, शिवाजीनगर-एरंडवण्याच्या जुन्या पत्त्यांत हमखास. "स. नं. ४५/२ब" किंवा "गट नं." म्हणजे शेतावर थेट उगवलेलं. सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) वरून मात्र काही कळत नाही.

आता एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६, कलम ५९ पासून पुढे: इरादा जाहीर, प्रारूप योजना, मंजुरी, लवाद, अंतिम योजना. घोडं पेंड खातं ते लवादाच्या टप्प्यावर. मूळ भूखंडाची किंमत, अंतिम भूखंडाची किंमत, वाढीव किमतीतला मालकाचा वाटा, हे सगळं एकेका मालकाशी. शेतावर चार घरं उभी राहिल्यावर सुरू केलं तर संपतच नाही. रान मोकळं असतानाच करायची ही गोष्ट आहे. पुणे महानगर प्राधिकरण २०१५ ला झालं, माण-म्हाळुंग्याची स्कीम त्यानंतर. शेजारी हिंजवडीत तोवर आयटी पार्कचे टप्पे उभे राहिले होते आणि सगळी गर्दी शिवाजी चौक, भूमकर चौक आणि वाकडचा पूल यांच्यावर.

---

शांतगल्ली

समजा मान्य. पण जे बांधून झालंय त्याचं काय? दोन सोसायट्यांमधली भिंत कोण पाडणार?

---

नकाशेवाला

पूर्ण शहर नको, आपल्या वॉर्डातला एक दुवा धरा. कुठला धरायचा हे आधी ठरवा: नकाशावर बंद टोकांच्या जोड्या शोधा, ज्यांच्यातलं सरळ अंतर ६० मीटरच्या आत आणि रस्त्याचं अंतर ६०० च्या वर आहे. एका प्रभागात अशा दहा-वीस तरी सापडतात. त्यातून ओढा, कालवा, टेकडी आड येणाऱ्या बाजूला काढा, तिथे पूल लागतो, तो वेगळा खर्च. भिंत, पत्रा, मोकळा प्लॉट किंवा कचऱ्याचा ढीग आड असेल ते आधी.

---

पाऊणएकर

नकाशेवाला यांची यादी हातात आल्यावर कागद असे काढा.

पहिला, मंजूर विकास आराखड्याचा भाग नकाशा. तिथे रस्ता दाखवलेला असेल तर निम्मं काम झालं. दुसरा, दोन्ही बाजूंच्या प्रकल्पांच्या मंजूर रेखांकनाच्या प्रती, बांधकाम परवानगी विभागाकडून, माहिती अधिकारात. उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात बघायचं: अंतर्गत रस्ता हद्दीपर्यंत नेऊन "पुढे जोडणी" दाखवली आहे का, की दहा टक्के मोकळी जागा मुद्दाम हद्दीवर ठेवून रस्ता आतच संपवलाय. दुसरी युक्ती फार चालते, कारण मोकळ्या जागेतून रस्ता काढता येत नाही. तिसरा, रस्त्याखालच्या जमिनीची ताबा पावती आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिका. ताबा पालिकेचा आणि नाव मालकाचं असं असेल तर आधी फेरफार, नाहीतर पुढची पिढी कोर्टात. चौथा, भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी. आखणी झाल्यावर खुणेचे दगड जागेवर आहेत त्याच दिवशी फोटो काढा.

आराखड्यात रस्ता नसेल तर महापालिका अधिनियमाचं कलम २०५ आहे, नवा सार्वजनिक रस्ता करायचा अधिकार. कलम २१० रस्तारेषेचं, ते मुख्यतः रुंदीसाठी. मोबदला रोख मागितला की फाइल थांबते, टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआयवर (त्याच प्लॉटवर जादा बांधकाम) मालक राजी असेल तर हलते.

आणि एक घड्याळ लक्षात ठेवा. आराखडा अंतिम झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर एमआरटीपी कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं. रस्त्याची रेघ पुसली जाते ती अशी, गुपचूप.

पाणंद आणि शीव रस्त्यांबद्दल एक इशारा. मामलेदार न्यायालय कायदा १९०६ चं कलम ५ (अडथळ्यानंतर सहा महिन्यांत अर्ज) आणि जमीन महसूल संहितेचं कलम १४३ हे शेतीला पोचण्याच्या हक्कापुरते आहेत. प्लॉटिंग झाल्यावर त्यांच्या जोरावर शहरी रस्ता मागायला गेलात तर तहसीलदार परत पाठवतील. पण गाव नकाशावर दुहेरी तुटक रेघ असेल तर ती दाखवून भिंतीचं बांधकाम रोखता येतं. म्हणून गाव नकाशाची नक्कल आधीच काढून ठेवा.

---

चावीवाला

सोसायट्या रस्त्याला तयार होत नाहीत तिथे पाइपचा रस्ता दाखवा. "तुमच्या टोकाला दाब वाढेल, त्यासाठी भिंतीतून तीन मीटरची पट्टी हवी" म्हटलं की सभासद ऐकतात. पट्टीखालून वाहिनी, वरून पायवाट.

---

सिग्नलमागे

पायवाटेचं करताना तपशील सांभाळा, नाहीतर महिन्यात फाटकाला कुलूप. पट्टी तीन मीटर, त्यात दोन मीटर फरसबंदी. दोन्ही टोकं एकमेकांना दिसली पाहिजेत. मध्ये वळण असेल तर रात्री कोणी जात नाही. भिंती पट्टीच्या बाजूने दीड मीटरपेक्षा उंच नकोत, वर जाळी चालेल. दिवा टोकाला नको, मध्ये हवा.

---

शांतगल्ली

आणि दुचाक्या? पायवाट उघडली की पहिल्या दिवशी स्कूटर घुसणार, हे लिहून ठेवा.

---

सिग्नलमागे

घुसणारच, म्हणून खांबांचं अंतर बघा. व्हीलचेअरला ९० सेंटिमीटर मोकळं लागतं, स्कूटरचं हँडल ७०-७५ सेंटिमीटरचं. म्हणजे जिथून खुर्ची जाते तिथून स्कूटर जातेच, खांबांनी हा प्रश्न सुटत नाही. फिरतं चक्र बसवलं तर खुर्ची आणि बाबागाडी अडते, ते करू नका. त्याऐवजी एकाआड एक दोन कठडे घाला, प्रत्येक पट्टीच्या निम्म्याहून थोडा जास्त, मधलं अंतर दीड मीटर. खुर्ची वळते, सायकल हातात धरून जाते, स्कूटरवाल्याला उतरून ढकलावी लागते. बहुतेक जण तेवढ्याला कंटाळतात. कठड्याचे पाय नुसत्या फरशीत नटबोल्टने ठोकू नका, आठवड्यात वाकवतात. ४५ सेंटिमीटर खोल काँक्रीटमध्ये गाडा, आणि गाडण्याआधी चावीवाल्यांना विचारा पाइप कुठून गेलाय.